अर्धा लिटर, जास्त नको

लास ओवेरासच्या फाट्यावर माझा पंप.
इकडे ऐंशी किलोमीटर काही नाही,
तिकडे एकशे दहा किलोमीटर काही नाही,
मध्ये पॅटागोनियाचा वारा
आणि त्याला अडवायला निघालेलं तारेचं कुंपण.

जूनची सकाळ. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा.
देल्मीरा कायुमान आली, नवऱ्याची रेनो घेऊन.
तो मार्चमध्ये गेला; गाडी तेव्हापासून शेडमध्ये,
लोकरीच्या पोत्यांशेजारी.
तिनं काच अर्धी खाली केली
(त्याहून खाली ती येतच नाही)
आणि म्हणाली, लाल दिवा लागतोय,
तो किटलीच्या चित्राचा.
घाल कुठलंही तेल, बेनीता.

कुठलंही.
या एका शब्दापायी माझ्या बापानं
याच पंपावर तीन इंजिनं धरलेली पाहिली.
इंजिन धरलं की तेलही गेलं, तूपही गेलं,
हाती राहते टोइंगची पावती.

म्हटलं, आधी बंद कर. दहा मिनिटं थांब,
वरचं तेल खाली उतरू दे.
ती बसून राहिली स्टिअरिंग घट्ट धरून,
गाडी अजून चालूच असल्यासारखी.

मग मी काडी ओढली, पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा ओढली.
पहिल्यांदा काडी खोटं बोलते.
खालच्या खुणेच्याही खाली, नखभर.
काळं, पण दुधाळ नाही,
बोटांत चोळलं तर कचकच नाही.
म्हणजे तहान आहे, आजार नाही.

फळीवर चार डबे.
एक महागाचा, नव्या जपानी गाड्यांचा, पातळ:
या म्हाताऱ्या सिलांमधून तो ठिबकत राहील.
एक वीस-पन्नास, काकवीसारखा, उन्हाळ्यातला राजा;
पण उणे पंधराच्या पहाटे
तो वर चढेपर्यंत लोखंड लोखंडाला घासेल.
एक ट्रॅक्टरचा.
चौथ्याचं लेबल वाऱ्यानं नेलं. तो मी विकत नाही,
फेकतही नाही.

डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीचा,
पलीकडचा तापल्यावरचा, एवढं तिला सांगितलं.
पण उत्तर डब्यावर नसतंच.
आत आधीपासून काय आहे?

मला काय ठाऊक, देल्मीरा म्हणाली.
तो घालायचा.
एकेचाळीस वर्षं तोच घालायचा.

बॉनेट नीट टेकवायला गेले तेव्हा दिसलं:
बिजागरीला तारेनं बांधलेला
सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा, पेन्सिलीचं अक्षर.
पंधरा-चाळीस.
दोन लाख बारा हजार चारशे.
कमी झालं तर अर्धा लिटर. जास्त नको.

तिनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं,
आणि शेवटचे दोन शब्द त्याच्या आवाजात.
मग हसली. मार्चपासून, म्हणाली,
जो येतो तो ओतूनच जातो,
रस्सा, घोंगड्या, प्रार्थना,
दिरानं तर टीव्ही आणून ठेवला.

पंधरा-चाळीस मागच्या खोलीत निघालं,
दुसऱ्या कंपनीचं.
कंपनी बदलली तर चालतं, आकडा तोच हवा.
कापलेल्या बाटलीचं नरसाळं तिच्या हाती दिलं.
ती ओतायची, थांबायची, काडी बघायची;
दोन खुणांच्या मध्ये तेल आलं,
तरी हात अजून थोडा तिरपाच होता.
मी काही बोलले नाही.
तिनंच तो सरळ केला.

नवा पुठ्ठा मागितला. तारीख घातली, किलोमीटर,
पंधरा-चाळीस. पुढे काय लिहू?
किती घातलंस ते.
बराच वेळ पेन्सिल चावून तिनं लिहिलं:
काडी बघून.
जुना पुठ्ठा तिनं काढला नाही.
एकाच तारेला दोन्ही.

उरलेला डबा तिनं लोकरीच्या मोज्यात कोंबून
डिकीत उभा ठेवला. दिवा विझला होता.

रस्त्याला लागताना तिनं इंडिकेटर दिला.
मागेपुढे कुणीही नव्हतं.