जवारी

बेगमपूरहून आलेली भोपळ्यांची गाडी रिकामी करताना
पेंढ्यात ते सापडलं,
ओंजळीएवढं, महिन्याभराचं असेल,
आणि उचललं त्या क्षणी माझ्या अंगठ्यात
चार सुया.

शमशाद म्हणाली, घरात नको,
नमाजाच्या कपड्यांना लाळ लागेल.
मग ते कारखान्यातच राहिलं, भुशात,
अर्ध्या कापलेल्या भोपळ्यात अंग मुडपून.
नाव ठेवलं खर्ज.
आवाज पार तारसप्तकातला,
पण मुरग्याप्पाला हसू आवरेना, म्हणून तेच टिकलं.

आता मिरजेच्या या गल्लीत बोटं म्हणजे सगळं.
कानशीचा एक हात जास्त पडला की घोडी वाया.
आणि हे शहाणं दिवसभर बोटांवरच.
करंगळी, मनगट, लुंगीचा काठ,
सरसाचा ब्रश, शिसवीचा तुकडा,
आणि पुन्हा बोट.

मुरग्याप्पा म्हणाला, एक द्या थोबाडीत, सरळ होईल.

माझ्या उजव्या हाताचं मधलं पेर
अजून थोडं वाकडं आहे.
अकरा वर्षांचा होतो, ताणून तार तोडली,
अब्बांनी कानशीची मूठ घातली त्यावर.
काम शिकलो, खोटं कशाला बोलू.
पण अब्बा आत आले की
हातातलं हत्यार माझ्याआधी थरथरायचं,
हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तर मी पिल्लासारखं ओरडायला शिकलो.
वय एकसष्ट.
जोरात चावलं की ‘कँय्!’
त्याचा भाऊ ओरडला असता तसं.
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नातवाला सांगितलं होतं.
मग दोन्ही हात काखेत, पाठ त्याच्याकडे,
वीस आकडे मनात.
पहिल्याच दिवशी दारात कुरुंदवाडचे गायनमास्तर उभे.
त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला.

वीस झाले की वळायचं,
ओल्या फडक्याची गाठ पुढे करायची.
हे तुझं. हे माझं.
दिवसातून चाळीस वेळा.
कधी कामाच्या नादात मीच विसरायचो,
पाठ तशीच भिंतीकडे,
आणि ते बिचारं मागे बसून
माझे आकडे संपायची वाट बघत.

कडकडून चावणं आठवड्यात गेलं.
मग मध्यम चावण्यावर ओरडायचं.
मग हलक्यावर.
मुरग्याप्पा म्हणाला, मालक, तुम्ही तर
जवारीच काढताय.

खरंच की.
घोडी घासत जायची, केसभर, केसाच्या निम्मं,
तार टेकली पाहिजे, अडली नाही पाहिजे.
घाई केली की मुकी होते.
शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा.
त्या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो.
तो कुठे थांबवायचा
हे मारून शिकवता येत नाही.
अब्बांनीही ते मारून शिकवलं नव्हतं, आता आठवतं,
नुसता माझा कान धरून तारेजवळ नेला होता.
ओढला नव्हता. धरला होता.

उरुसाच्या आदल्या रात्री कामाची गर्दी.
जोडाची तार जुळवत होतो, डावा हात खाली लोंबता.
आधी ओलं नाक. मग दात.
तर्जनी पुरती त्याच्या तोंडात.
‘कँय्’ ओठांवर तयार होतं माझ्या.
दात टेकले होते.
टेकलेच होते फक्त.
तार अजून घुमत होती.
मी हात काढला नाही.

परवा मास्तरांचा फोन आला.
तंबोरा गोड बोलतो, म्हणाले,
पण हलवला की आत काहीतरी खडखडतं,
तांदळाच्या दाण्याएवढं.
उघडून बघू का, म्हणालो.
नको, असू दे, गाताना ऐकू येत नाही.

खर्ज कोपऱ्यात जांभई देत होता,
खालच्या जबड्यात एक जागा रिकामी,
तिथे नवा दात अर्धा वर.
शमशाद उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून
भाकरीचा तुकडा लांबवत होती,
आणि हात मागे घेत नव्हती.