नऊ फांद्या

समुद्र गोठला की आमच्या बेटाला वाट फुटायची.
मुहूपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत सात किलोमीटर बर्फ,
आणि पन्नास पन्नास पावलांवर
भोक पाडून रोवलेली जुनिपरची एक फांदी,
म्हणजे धुक्यातही घोड्याला कळावं
रस्ता कुठे संपतो, समुद्र कुठे सुरू होतो.

त्या हिवाळ्यात फांद्या रोवायचं काम माझ्याकडे होतं.
बारा वर्षांचा होतो.
एक हातमोजा भोकात पडला, पाण्याखाली गेला.
शेवटच्या नऊ फांद्या मी रोवल्याच नाहीत.
ढीग करून टाकल्या, म्हटलं, उद्या.
घरी बापाने विचारलं, झालं?
झालं, म्हटलं.

रात्री वारा सुटला.
साल्मे आणि मेता, दळण घेऊन परतणाऱ्या बहिणी.
पहाटे साल्मे चालत आली, एकटी,
घागऱ्याची काच झालेली.
घोडा नाही. गाडी नाही. मेता नाही.

मला कुणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.
न विचारलेल्या प्रश्नाला
माणूस जन्मभर उत्तरं देत बसतो.

लग्न केलं. होड्यांना डांबर फासलं.
मुलीचं नाव मेता ठेवणार होतो, जीभ रेटली नाही.
दर हिवाळ्यात मात्र फांद्या घेऊन निघायचो.
पुढे बर्फ फोडणारी बोट आली,
वाट कुणालाच नको झाली,
मी आपला रोवतोय.
लोक म्हणायचे, एंडेल जुन्या रीती जपतो.
मी मान डोलवायचो.
बोटांत जुनिपरचे काटे मोडायचे, ते काढत नसे.
सल म्हणतात तो हाच असणार.
काढला तर मेताचा हात
दुसऱ्यांदा सुटेल, असं वाटायचं.

गेल्या फेब्रुवारीत, अठ्ठावन्न वर्षांनी,
साल्मेच्या दारात उभा राहिलो.
ती काळा पाव कापत होती.
उभ्यानेच सांगितलं सगळं.
फांद्या, हातमोजा, ते "झालं".
तिने सुरी खाली ठेवली नाही.
पाव कापून संपला तेव्हा म्हणाली,
"फांद्यांकडे बघत होतं कोण?
लगाम माझ्या हातात होता.
मेता मास्तरांची नक्कल करत होती
आणि मी हसत हसत मागे वळून बघत होते.
घोडा थांबला होता, एंडेल.
मीच त्याला चाबूक ओढला."

बराच वेळ घड्याळ एकटंच बोलत होतं.

"इतकी वर्षं," ती म्हणाली,
आणि आवाजात चक्क राग होता,
"माझी बहीण अख्खीच्या अख्खी तू ठेवून घेतलीस?
मला विचारायचं तरी, वाटून घेऊ का म्हणून."

ती क्षमा करेल, किंवा हाकलून देईल,
दोन्हींची तयारी करून गेलो होतो.
वाटणीची नव्हती.

ते "झालं" माझंच आहे, ते मी कुणाला देणार नाही.
नऊ फांद्याही माझ्याच.
पण वारा माझा नव्हता,
खालून वाहणारा प्रवाह माझा नव्हता,
तो चाबूकही नव्हता.
बारा वर्षांच्या पोराच्या खिशात
मी अख्खा समुद्र कोंबला होता
आणि वर त्यालाच दटावत होतो, नीट चाल.

"नक्कल कशी करायची ती?" मी विचारलं.
साल्मेने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला,
हनुवटी आत घेतली,
आणि सत्तरीच्या घशातून नाकात बोलली,
"एंडेल, पाढा म्हण. सातचा."
मास्तरच. हुबेहूब मास्तर.
मला ठसका लागला, पावाचा तुकडा घशात.
अठ्ठावन्न वर्षं जिला मी पाण्याखाली धरून ठेवलं होतं
ती मुलगी विनोदी होती,
हे मी साफ विसरलो होतो.

यंदा समुद्र गोठला नाही.
नऊ फांद्या पडवीत उभ्या आहेत.
काल साल्मे सुई घेऊन आली, म्हणाली,
हात इकडे कर.
दोन काटे निघाले.
तिसरा खोल आहे, म्हणाली, राहू दे,
येईल आपोआप वर.