टिंग

पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमागे, नळ आणि तुळशीच्या मधे
साडेचार फूट जागा आहे. तिथे माझी भट्टी:
टेम्पोचा ब्रेक ड्रम, खालून अडीच इंची पाइप,
आणि भात्याऐवजी सुलभाचं केस वाळवायचं यंत्र.
तिने दिलं की मी घेतलं,
हा मुद्दा घरात अजून निकाली निघालेला नाही.

ऐरण म्हणजे फूटभर रूळ.
सातपूरच्या भंगारवाल्याने किलोवर दिला
आणि "साहेब, कशाला?" असं दोनदा विचारलं.
आठवडाभर मी अंबडला व्हर्नियर धरतो,
दुसऱ्यांच्या चुका मायक्रॉनमध्ये मोजतो.
रविवारी माझ्या चुका मोजायला
नुसते डोळे पुरतात.

पहिला हूक: टांगलेलं सगळं सावकाश खाली आणून ठेवतो.
मग उलथनं. ते डावखुऱ्यांसाठी आहे,
हे मी नंतर ठरवलं.

रूळ फार वाजायचा,
भिंतीपलीकडच्या निकुंभांच्या दुपारच्या झोपेत थेट शिरायचा.
मृण्मयी कर्डक दिवसा कवळ्या बनवते, रात्री गच्चीवर लोखंड ठोकते.
ती म्हणाली, जुन्या स्पीकरचं चुंबक काढ,
रुळाच्या पोटाला चिकटव.
चिकटवलं. रूळ गप्प,
पुरणपोळी वाढल्यावर एखादा वाद घालणारा मामा होतो तसा.
निकुंभ कुंपणावरून डोकावले: "आज सुट्टी का?"

पण सुरी.
ट्रकच्या पाट्यातून काढलेली, सुलभासाठी,
त्या यंत्राची भरपाई म्हणून.
लालभडक तापवली, पाण्यात घातली,
टिंग.
एवढासा आवाज. बांगडी पिचावी तसा.
पात्यावर केसाएवढी रेघ, आणि तीन रविवार गेले.
दुसरी, टिंग.
तिसरीला मी आवाजाआधीच डोळे मिटले होते.

तिन्ही तुकडे वर्तमानपत्रात बांधून
नांदूर नाक्याला गेलो, पारूबाई सोळंकींच्या पालावर.
नवरा सांडशीत विळा धरतो, घण ती मारते,
आणि दोघं त्या वेळात पोरीच्या लग्नाचं बोलतात,
एक ठोका न चुकता.
तिने तुकडा मोडला, मोडलेली कड माझ्या नाकाशी धरली:
"बघ. साखर दिसते ना? लई भाजलंस.
पाणी कुठलं?"
नळाचं.
"आत्ता? या थंडीत?"
हसली. "तान्ह्या पोराला घालशील का त्यात?
तेल घे, कोमट कर. आणि उन्हात रंग बघू नको,
उन्हात लोखंड खोटं बोलतं."

म्हणून चौथी सुरी दिवेलागणीला.
रंगावर अजून माझा भरवसा नाही,
तापलेलं पोलाद चुंबकाला ओळख देईनासं होतं, एवढं वाचलेलं,
तर रुळाचंच चुंबक उपटलं.
रूळ पुन्हा बोंबलू लागला.
निकुंभांकडे दिवा लागला.
तेल दिवाळीच्या चकल्यांचं, तळून उरलेलं.
पातं आत गेलं आणि सगळ्या गल्लीला भूक लागली.

मी कान देऊन उभा.
धूर.
कुठेतरी कुकरची शिट्टी.
त्या आवाजाची एवढी सवय झालेली
की तो आला नाही तेव्हा
काहीतरी बिघडलं असं वाटलं.

मग केकच्या ओव्हनमध्ये दोन तास (हेही न विचारता),
आणि पात्यावर हळूहळू तो रंग चढला
जो जानेवारीअखेर ओझरकडच्या बागांत
मण्याच्या उन्हाकडच्या गालावर येतो.

सुरी घेऊन परत नाक्यावर.
पारूबाईने नखाने वाजवून पाहिली, कानाशी नेली,
अंगठा धारेवरून आडवा फिरवला.
"पाणी बसलंय," म्हणाली.
मी इतका फुगलो की हेल्मेट घट्ट झालं.
मग तिने ती उलटी केली.
"मूठ कुणी बसवली?"
मीच.
तिने सुरी नवऱ्याकडे दिली.
आजवर माझ्याशी एक शब्द न बोललेला तो माणूस
सांडशी खाली ठेवून
पोट धरून हसला.