उडाणटप्पू

कपाटात बसून रेकॉर्ड केला मी तो,
विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
साड्यांच्या घड्यांत माईक खोचून.
पंखा बंद, फ्रिज बंद,
खालच्या इस्त्रीवाल्याला हात जोडून सांगितलेलं,
दहा मिनिटं गप्प बस रे बाबा.

माझा सुपरहिरो. नाव उडाणटप्पू.
उडतो, पण दुसऱ्या मजल्यापर्यंतच.
तिसऱ्यावर त्याला गरगरतं.
म्हणून खालच्यांना उचलून आणतो
आणि वरच्यांना रस्त्यावरून धीर देतो :
"या हो, सावकाश या, जिन्याने या, मी आहे!"

वाटलं होतं, लोक हसतील.
हसले की.
पण नुसतं हसून थांबतील ते लोक कसले.

पहिला फोन हिराबाई परुळेकरांचा, सायनहून.
"चार भाग झाले गं, जेवला कुठे तो?
उपाशीपोटी उडल्यावर गरगरेल नाही तर काय!"
पाचव्या भागात मुकाट्याने भाकरी वाढली त्याला,
वर जवळ्याची चटणी.
मचमच माझ्याच तोंडाची.
लगेच मुलुंडहून निरोप :
चटणी शेंगदाण्याची चालली नसती का?

चेंबूरचे गणपुले, निवृत्त ऑडिटर :
"सात जणांना वाचवलं म्हणता.
जिन्यावर पावलं सहा जणांची.
सातवा कुठाय?"
मी पुन्हा ऐकलं. सहाच.
सातव्या चपलेचा जोड घरात नव्हता.
म्हटलं, सातवं तान्हं होतं, कडेवर.
पलीकडे थोडी शांतता.
"मग रडलं कसं नाही?"

दुसऱ्या भागात शेजारच्या कुकरची शिट्टी शिरली होती,
कापायची राहून गेली.
माहीमच्या डिमेलोंची पोरं शपथेवर सांगू लागली,
ती खलनायकाची खूण.
आता तो तीन शिट्ट्या झाल्याशिवाय येत नाही,
आणि कांताबेन भिंतीवर टकटक करून विचारतात,
डाळ लावू का, की आज दुष्ट माणूस नाही?

सोनू धुरीचा आवाज रात्री अडीचला आला,
व्हॉट्सॲपवर, दबक्या स्वरात.
लोअर परळच्या चाळीस मजली टॉवरचा वॉचमन.
"ताई, हा हिरो आमच्या साहेबलोकांच्या काय कामाचा नाय.
पण मी खालीच बसतो ना.
माझ्यापर्यंत येईल तो."
मग खुर्ची सरकल्याचा आवाज, एक कुत्रं,
आणि हसू, की खोकला,
तीनदा ऐकूनही मला ठरवता आलं नाही.

वडाळ्याच्या अंधशाळेत बोलावलं होतं.
पोरांनी प्रश्न विचारले,
त्याला पगार किती, लग्न झालंय का, केप धुतं कोण.
इंदुजा मागच्या बाकावर. अकरा वर्षांची असेल.
सगळे गेल्यावर जवळ आली,
माझी ओढणी बोटांनी चाचपत म्हणाली,
"तो उडतो तेव्हा तुम्ही चादर झटकता ना?
सोलापुरी?"

पकडले गेले.
इतक्या कानांतून गेला तो,
गणपुल्यांच्यासुद्धा,
आणि चादर कुणाला दिसली नव्हती.
हो म्हटलं. धुऊन धुऊन विटलेली, आईच्या रुखवतातली.

"एका हाताने झटकता.
म्हणून तो दुसऱ्याच्या वर जात नाही.
गरगरतं बिरगरतं काही नाही त्याला."

काल रात्री गच्चीवर गेले,
माईक पाण्याच्या टाकीवर ठेवला,
चादरीची दोन टोकं दोन मुठींत.
खांदा अजून ठणकतोय.
इस्त्रीवाला खालून ओरडला, काय पडलं का हो?

कितव्या मजल्यापर्यंत गेला
ते मी सांगत बसणार नाही.
गणपुले मोजतीलच.