सोमवारी, जरा उशिरा

आमच्या टोंगा देशात रविवारी कामाला बंदी आहे,
कायद्यानेच. विमान उतरत नाही, दुकानाची फळी निघत नाही,
आणि आठवडाभर घराघरांतून येणारा तो आवाज,
ओल्या सालीवर लाकडी मोगरीचा टक् टक् टक्,
तोही थांबतो.
कुत्री त्या शांततेनं बावचळतात.

फक्त आमच्या मागच्या अंगणात
पहाटे तीनला माझी आई, फुसिपाला,
खड्ड्यात दगड तापवत बसायची.
खड्डा पेटवणं बापाचं काम. पण बाप ऑस्ट्रेलियात
दुसऱ्याच्या झाडांची संत्री उतरवत होता,
आणि भूक काही त्याच्याबरोबर गेली नव्हती.
नारळ खवा, दूध पिळा,
अळूच्या पानांत मांस बांधा, कंद सोला,
धाकट्याची चप्पल शोधा.
मग घंटा. मग शेवटून दुसरं बाक,
आणि अंगाला धुराचा वास.

एका रविवारी पाळक सेमिसींनी आज्ञा वाचली.
विसावा कुणाकुणाला: तुला, मुलाला, मुलीला,
दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला,
दाराशी आलेल्या परक्यालासुद्धा.
उपासना सुटल्यावर आई त्यांच्यापाशी गेली.
भांडायला नाही. बाजारात भाव विचारावा तसं विचारलं,
"गाढव आहे. आई कुठंय?"

पाळकांनी चष्मा पुसला. म्हणाले, बघून सांगतो.
आईनं तेवढ्यात त्यांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं.
म्हणजे आणखी एक ताट.

पुढच्या रविवारी तीनला आई उठलीच नाही.
भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली,
हातात अळूचं पान तसंच.
"उठवू?" तानिएलानं विचारलं. तो बारा वर्षांचा, मी नऊ.
मला तेव्हा एकच गोष्ट नीट येत होती:
वादळ, नावेत शिरणारं पाणी,
आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर झोपलेले.
उशी कुणी दिली, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.
मी माझी आणली.

मग आम्ही खड्डा पेटवला. डोळ्यांत धूर, हाताला फोड,
दगड म्हणावे तसे तापलेच नाहीत.
घंटा झाली. आमचं बाक रिकामं राहिलं.

दुपारी पाळक दारात आले, हातात कागद.
आठवडाभर शोधून काहीतरी लिहून आणलं होतं.
आई आडवी झालेली. तोंड उघडं, गालावर चटईचे वळ.
मी हाक मारणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
चपला काढून हातात घेतल्या.
कागदाची घडी खिशात गेली.

अंगणात जेवायला बसलो. कंद कच्चे.
पहिल्याच घासाला सगळ्यांचा घसा खवखवला.
देवाचा माणूस तो, काही बोलला नाही,
चार शहाळी प्यायला
आणि आणखी एक कंद मागून घेतला.

समोर खाडीत देवमाशाची मादी आली होती, पिल्लू घेऊन.
थंडीत येतात त्या, महिनोन्महिने उपाशी राहून दूध पाजतात.
ती पाण्यावर ओंडक्यासारखी पडून होती.
पिल्लू अंगावर चढत होतं, घसरत होतं,
आणि ती त्याला म्हणत नव्हती,
थांब, एवढं आवरते.
पाळकांनी ते पाहिलं. पण दाखला दिला नाही.
त्यासाठी मी त्यांना अजून मानते.

आई उठली तेव्हा ऊन उतरलं होतं.
आधी उशीकडं बघितलं, मग आमच्या काळ्या हातांकडं.
"पाळक?"
"येऊन गेले."
"काय म्हणाले?"
"कंद छान झालेत."
तिनं एक तुकडा तोंडात टाकला,
घसा खाकरला,
आणि दुसरा घेतला.

त्या कागदावर काय होतं, मला कधीच कळलं नाही.
सोमवारी मोगरीचं टक् टक् सुरू झालं
नेहमीसारखं.
आमच्या घरातून, जरा उशिरा.