हमीदाची आई दारात येते तिथे

एकोणीस मिनिटं, सात सेकंद.
बरोब्बर तिथेच अडतं.
पडद्याच्या मधोमध ते चक्र गरगरायला लागतं
आणि हमीदा चौगुले, कालुस्त्याची,
सोफ्याच्या कडेवर टेकलेली,
चहाचा कप तसाच अधांतरी धरून ठेवते.

बाबा लग्नांचे व्हिडिओ काढायचे. मयूर व्हिडिओ, चिपळूण.
दोनशे चौदा कॅसेटी माझ्या वाट्याला आल्या.
बुरशी पुसून एकेक कॉम्प्युटरात उतरवली.
तो आता सालमियात, आमच्या कपाटाखाली,
बिनपडद्याचा, रात्रंदिवस घुमत असतो,
आणि शुक्रवारी कुणी ना कुणी येतं
पंगतीत बसलेली आपली माणसं शोधायला.

हिच्या भावाचा निकाह, साल चौऱ्याण्णव.
बायकांच्यात कॅमेरा नव्हता.
फक्त एकदा ट्रे घेऊन आई दारापर्यंत येते.
"दोन सेकंद असेल नसेल," हमीदा म्हणते,
"फोटो तिनं कधी काढूच दिला नाय."
पेनड्राइव्हवर देऊ का, विचारलं.
नको म्हणाली. घरी एकटीनं नाही बघायचं.
(आमच्या टीव्हीच्या भोकात शलाकानं
तिसऱ्या वर्षी फ्रॉकचं बटण कोंबलंय.)

राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
सहावरून अकराव्या चॅनलवर नेला.
बिल्डिंगमध्ये एकतीस नेटवर्कं,
सगळी एकाच वेळी बोलणारी, लग्नघरासारखी.
फ्रीज सरकवला. मायक्रोवेव्हला बंदी.
कंपनीला फोन: अरबीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन,
शेवटी एक दमलेला मुलगा,
"आमच्याकडून लाइन स्वच्छ आहे, सर."
वायर ओढावी, तर हारिस खिळासुद्धा मारू देत नाही.
मोबाइलवर वेग मोजला.
बाल्कनीत तीनशे. सोफ्यावर चार.

शलाका गणिताच्या वहीतून मान न काढता म्हणाली,
"पप्पा सिगरेट ओढायला बाहेर गेले की चालतं."

दिवाळीपासून मी सोडलेली आहे सिगरेट.
स्वरूपानं माझ्याकडे पाहिलं.
ते नंतर.

दार. सरकतं, काचेचं.
मे महिन्यात आम्हीच दोघांनी त्याला फॉइल चिकटवली होती,
कडेपासून कडेपर्यंत, एक सुरकुती न पडू देता.
बाहेर एकोणपन्नास.
राउटर काचेपलीकडे, बंद बाल्कनीत.
कॉम्प्युटर अलीकडे, टीव्ही अलीकडे,
म्हणजे चित्राला ती चंदेरी भिंत दोनदा ओलांडायची:
एकदा जाताना, एकदा येताना.

दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं,
एसी कण्हायला लागला.
स्वरूपानं कांद्याची सुरी आणली,
आपलाच पंजा काचेवर ठेवला
आणि त्याच्या कडेनं फॉइल कापली.
एक पुरेना. दुसरा पंजा कापला.
गालिच्यावर उन्हाचे दोन हात पडले.

एकोणीस, आठ.
एकोणीस, नऊ.
दारात हिरवी साडी, डोक्यावरून पदर,
ट्रेमध्ये गुलाबी पेले.
ती थेट आमच्याकडे बघते, नाराज,
आणि वळते.

"मागे घे," हमीदा म्हणाली.
घेतलं.
"परत."
घेतलं.
किती वेळा, मोजलं नाही.
चहावर साय आली.

"सरबत कुणाला आणलं होतं?" शलाकानं विचारलं.
"कोणाला म्हणजे? सकाळपासून उपाशी उभ्या
कॅमेरावाल्याला."

पुन्हा मागे घेतलं. आता माझ्यासाठी.
ती वळायच्या आधी चित्र जरासं हलतं
आणि खालच्या कोपऱ्यातून एक हात आत येतो,
उजव्या मनगटाला घड्याळ,
पेला उचलतो.
उतरवताना पाहिलं असणारच मी हे,
पुढे पळवत, पळवत.

दोनशे चौदा कॅसेटी.
त्यांतल्या कुठल्याच लग्नाला बाबा नव्हते,
असं मी धरून चाललो होतो.