विनाकेमिकल

खोक्यावर माझा फोटो छापायचं हर्षदनं ठरवलं.
एक किलोचं खोकं, आत दोन ढेपा,
वर मी, काहिलीशेजारी, हातात झारा.
खाली: चौगुले गूळ, वडणगे. विनाकेमिकल.
आणि बारीक अक्षरांत:
रंग काळसर असतो. तोच खरा.

छापखान्यातल्या पोरानं माझं वांग पुसून टाकलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
त्याला वाटलं, फोटोवर डाग पडलाय.

प्रदर्शनात एक बाई खोकं बघायची, मला बघायची.
"ह्या कोण? धाकट्या बहीण का तुमच्या?"
व्हय, म्हटलं.
दिवसभर त्या बहिणीचा गूळ विकला.

बावीस हंगामांची धग
दोन्ही गालांवर बसलीय, काहिलीच्या बुडासारखी.
मालक तिला वांग म्हणायचे नाहीत,
नकाशा म्हणायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
लिंबू झालं, साय झाली,
भावकीतल्या कुणी दिलेली ट्यूब झाली;
तिनं आधी उजळलं, मग दुप्पट काळं केलं.
शेवटी एकटीच केएमटीत बसलो
आणि राजारामपुरीत, सातव्या गल्लीला उतरलो.

"ह्या वांगासाठी आलो," म्हटलं.
डॉक्टरीण पुण्याची. "आलो"ला हसली,
मग हसल्याबद्दल सॉरी म्हणाली. चांगली पोरगी.
"केमिकल पील करू. ऑपरेशन नाही, सुई नाही.
वरचा थर निघतो, खालून नवा येतो."
केमिकल ऐकलं आणि मी पिशवी उचलली.
"घाबरू नका, काकू. हे मुळात उसातलंच आम्ल."

उसातलं.
उसातनं मी रस काढला, काकवी काढली, गूळ काढला,
दोन पोरींची शिक्षणं काढली.
हे एवढं राहिलंच होतं.

डोळ्यांच्या, ओठांच्या कोपऱ्यांत व्हॅसलीन.
हातात चिमुकला पंखा.
ब्रश कपाळावरनं फिरला, गार.
मग मुंग्या. मग मुंग्यांचं वारूळ.
ती घड्याळ बघत होती, मी डोळे मिटून चिकी.
शिदू गुळव्या असाच थांबायचा,
रसाचा थेंब पाण्यात सोडून, गोळी वळून,
कडेला आपटून, कान देऊन.
टण वाजली की, "उतरवा!"
अर्धं मिनिट उशीर, आणि सगळं आदण करपलं.
"उतरवा," मी बहुतेक मोठ्यानंच बोललो.
"झालंच," ती म्हणाली,
आणि सोड्याचं पाणी फिरवलं.

चौथ्या दिवशी हनुवटीपासनं सुटायला लागलं,
भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर येते तसं.
ओढायचं नाही, आपणहून पडू द्यायचं.
असं सहा वेळा.
एका वेळेचे पैसे म्हणजे चाळीस किलो गूळ;
मी दुसरं काही मोजतच नाही.
"उन्हापासनं, धगीपासनं लांब राहायचं."
"किती दिवस?"
"खरं तर, कायमच."
मी मान हलवली. दसरा तोंडावर आला होता.

जाऊ विचारते, आता कुणासाठी गं हे?
खोक्यावरच्या बाईसाठी, असं कसं सांगू?

दुसऱ्या पीलनंतर पाचव्या दिवशी
पहिलं आदण लागलं.
तोंडाला टॉवेल गुंडाळून लांब उभी राहिलो.
वाफ आली की चार पावलं मागं,
वास आला की पाच पुढं.
वाफ्यात गूळ ओतला, मातकट, चकाकता.
शाहूपुरीचा व्यापारी वाकून बघत होता.
"जरा पावडर टाका की, वैनी.
पिवळाधमक होतोय. दरही चढतोय."
"पावडर नाही," म्हटलं. "आमचा असाच असतोय."

बोलताना टॉवेल सरकला,
गालावरचा सुटलेला पापुद्रा त्याला अडकला.
व्यापारी बघत होता. गूळ बघत होता की मला, कळलं नाही.
ओढायचा नव्हता.
ओढला.